यंदाची राख

फेब्रुवारीत मी दारोदार फिरते,
बटाट्यांचं रिकामं पोतं घेऊन.
गेल्या वर्षीची ज्युनिपरची डहाळी द्या, म्हणते,
आणि लोक ती तसबिरीमागून काढून देतात
कोळिष्टकासकट.
हिरवा रंग गेलेला, वास शाबूत.

लिथुआनियातल्या या तळ्याकाठी ताड नाहीत, माड नाहीत.
यरुशलेमात त्याच्यापुढे झावळ्या हलल्या,
आमच्या गावात शिरला असता
तर वेशीवरच ओरबाडून निघाला असता,
ब्रोन्युस म्हणतो.

तेवीस घरं होती, यंदा वीस.
गेनोवैतेच्या कुलपाची किल्ली माझ्याकडे,
मुलगी तिची नॉर्वेत, मासळीच्या कारखान्यात.
दार ढकललं. बाहेरच्यापेक्षा आत जास्त गारठा.
मरियेच्या तसबिरीमागे डहाळी होती,
लाल लोकरीनं बांधलेली, तिच्याच हातची गाठ.
लोकर सोडवून एप्रनच्या खिशात ठेवली,
डहाळी पोत्यात.
ही चोरी होते का,
फादरांना विचारलेलं नाही.

देवळामागे दुधाच्या जुन्या किटलीत जाळल्या सगळ्या.
ज्युनिपर गुमान जळत नाही,
तडतडतो, तोंडावर येतो.
पोतंभर डहाळ्यांची राख
ओंजळीतही भरत नाही.
ती मी पिठाच्या चाळणीनं चाळते.
चाळण पुन्हा पिठालाच वापरते.

फादर व्हालेरियोनासना चार देवळं आणि एक गाडी.
बुधवारी तासभर उशिरा आले, बुटांना बर्फ.
बायकांनी रुमाल सैल केले,
पुरुषांनी टोप्या काढून टकलं पुढे केली.
तू माती आहेस, म्हणत ते
टाळूवर चिमूट सोडत गेले,
आणि गेनोवैते
थोडी थोडी
सगळ्यांच्या केसांत जाऊन बसली.

ब्रोन्युसनं सिगारेट सोडलीय.
सूर्यफुलाच्या बिया चघळतो,
टरफलं देवळाच्या पायरीवर,
त्याच्या उपवासाचा झाडू माझ्या हातात.
आदेलेला विचारलं, तुमचा काय नेम?
त्र्याण्णव वर्षांची बाई खुदकन हसली.
नऊ वर्षं पाळलाय बाई हा काळ, सायबेरियात,
ना घंटा होती, ना शेवटी ईस्टर.
बरीच शिल्लक आहे माझी वर.

मी ठरवलं होतं,
जावेबद्दल वाईट बोलायचं नाही. चाळीस दिवस.
मधमाश्यांच्या पेट्यांवरून अकरा वर्षं धरलंय आम्ही,
माश्या केव्हाच मेल्या.
तिसऱ्या शुक्रवारी, क्रूसाच्या वाटेवर,
नवव्या चित्रापाशी गुडघे टेकले असताना
शेजारणीच्या कानाशी गेलेच.
तिथे तो तिसऱ्यांदा पडतो.
मी कितव्यांदा, मोजलं नाही.

पाचव्या आठवड्यात मूर्तींवर जांभळं कापड.
संत रोकासचं धुऊन धुऊन आटलंय,
खालून त्याचा कुत्रा दिसतो, तोंडात पाव.
अख्ख्या देवळात चारचौघांत खाणारा तो एकटा.
जोड लावा, फादर म्हणाले.
हो म्हटलं.
दरवर्षी म्हणते.
लांबलचक प्रार्थनेत ब्रोन्युस त्याच्याकडे बघत बसतो,
आणि खरं सांगायचं तर मीही.

आज शनिवार. उद्या नव्या डहाळ्या.
वीस हव्यात, मी एकवीस धरल्यात.
लाल लोकर अजून खिशात आहे,
धुतली तरी तिचा धुरकट वास जात नाही.
ज्युनिपर सगळीकडे खुरटलाय यंदा,
चांगला दाट उरलाय तो फक्त ओनुतेच्या बांधावर,
रिकाम्या पेट्यांच्या पलीकडे.
जावेचं नाव ओनुते.
कात्रीला धार लावून झाली.
बूट घातलेत.
तिच्या धुराड्यातून धूर येतोय,
म्हणजे घरात आहे.